विद्यापीठाने न छापलेला अभ्यासक्रम



‘कॉलेजच्या दिवसांनी काय शिकवलं, यावर हलकंफुलकं काहीतरी लिही,’ असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला. मी मुंबईत चार वर्षं इंजिनीअरिंग शिकले आणि त्यानंतर वीसेक वर्षं संगणकाच्या प्रोग्रॅमशी भांडते आहे. त्या चार वर्षांत मी जे शिकले त्यातलं बरंचसं परीक्षेत कुणी विचारलं नाही, आणि परीक्षेत जे विचारलं गेलं त्यातलं बरंचसं पुन्हा कधी लागलं नाही. तेव्हा या विषयावर लिहायला मी पात्र आहे, असं समजायला हरकत नसावी.

पण नुसत्या स्वतःच्या आठवणी लिहायच्या तर सबमिशन, ओरल आणि कटिंग चहा यांपलीकडे फारसं काही निघत नाही. शाळेत इतिहास माझा आवडता विषय होता. अकरावीला सायन्स घेतलं आणि तो मागे पडला. अलीकडे तो पुन्हा वाचू लागले, तेव्हा लक्षात आलं की होस्टेलच्या खोलीत बसून आम्ही जे ‘शोध’ लावले होते, ते आमच्या आधी शेकडो वर्षं कुणी ना कुणी लावून बसलं होतं. म्हणून हे धडे त्यांच्याच नावावर टाकते. यातले काहीजण तर अगदी आपल्या शेजारचे आहेत.

धडा पहिला : वही सांभाळा

सुरुवात आपल्या गावापासून. अफानासी निकितिन हा काही विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता. पंधराव्या शतकात व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावाहून निघालेला हा व्यापारी, वाटेत लुटला गेला, तरी पुढे चालत राहिला आणि शेवटी आपल्या चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या बरीच वर्षं आधीची ही गोष्ट. रेवदंड्यातलं त्याचं स्मारक आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

विकून नफा होईल म्हणून त्याने सोबत एक महागडा घोडा आणला होता. जुन्नरला तिथल्या खानाने तो काढूनच घेतला; महत्प्रयासाने परत मिळाला. एकूण व्यापार तोट्यातच गेला. परतीच्या वाटेवर, आपल्या गावी पोहोचण्याआधीच निकितिन वारला. राहिली ती त्याची वही. लोक काय खातात, काय नेसतात, कोणता माल कुठे मिळतो, हे सगळं त्याने टिपून ठेवलं होतं. आपण गोरे म्हणून जिथे जाऊ तिथे लोक मागे लागून बघत राहतात, हेही त्याने लिहिलं आहे.

हे वाचताना मला होस्टेलचा पहिला आठवडा आठवला. पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन मी खोलीत शिरले तेव्हा माझ्याकडेही सगळ्या अशाच बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात माळ संपली आणि माझ्या चार मैत्रिणी झाल्या. निकितिनच्या घोड्यापेक्षा हा सौदा बरा ठरला.

पण धडा वहीचाच आहे. नफा-तोटा कालांतराने विसरला जातो, टिपून ठेवलेलं उरतं. माझ्या धंद्यात तर हे रोज पटतं. प्रोग्रॅम लिहिणारा नोकरी सोडून जातो आणि त्याने ओळींच्या शेजारी दोन शब्दांची टीप लिहिलेली नसली, तर मागच्यांना त्याचा घोडा कुठे बांधला होता तेही कळत नाही.

धडा दुसरा : पैसे मागण्याचीही एक विद्या असते

युरोपातली सर्वांत जुनी विद्यापीठं म्हणजे बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड. बाराव्या-तेराव्या शतकात तिथे पत्रलेखनाचे नमुने शिकवणारी पुस्तकं चालत. त्यांत एक प्रकार हमखास असे : विद्यार्थ्याने घरी पैसे मागण्यासाठी लिहायचं पत्र. गाव महाग आहे, अभ्यास उत्तम चालू आहे, पुस्तकं घ्यायची आहेत, थंडी फार आहे, अशा मुद्द्यांनी भरलेले हे नमुने इतिहासकारांना ढिगाने मिळाले आहेत. आपण आठवी-नववीत ‘वडिलांस पैसे मागणारे पत्र’ पाच गुणांसाठी लिहिलं, तेव्हा आपण आठशे वर्षांची परंपरा चालवतो आहोत हे बाईंनी सांगितलं असतं, तर मी दोन वाक्यं जास्त लिहिली असती.

बोलोन्याची आणखी एक गंमत. तिथे विद्यार्थ्यांचीच संघटना प्रबळ होती. प्राध्यापकांचं मानधन त्यांच्या खिशातून जाई. त्यामुळे व्याख्यान उशिरा सुरू केलं किंवा वेळेवर संपवलं नाही, तर प्राध्यापकांना दंड होई. हे आमच्या कॉलेजात लागू झालं असतं तर वर्गाच्या दंडाच्या रकमेत मेसचं बिल भागलं असतं. अर्थात आठच्या लेक्चरला किती विद्यार्थी हजर असत हा प्रश्न कुणीतरी विचारला असता, म्हणून तो विषय इथेच थांबवते.

घरून येणाऱ्या पैशांचा हिशोब मात्र आपल्याकडच्या मुलामुलींना वेगळा शिकवावा लागत नाही. एका वर्षी सुपारी कमी उतरली तर घरात काय बदलतं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. मांडव्याची लाँच घ्यायची की एसटीने पेण-पनवेलमार्गे जायचं, हा निर्णय वेळेपेक्षा भाड्यावर ठरायचा. पावसाळ्यात लाँच बंद झाली की तोही प्रश्न मिटायचा. महिन्याचा शेवटचा आठवडा तीस रुपयांत कसा काढायचा हे जिला जमलं, तिला पुढे कंपनीचं बजेट अवघड जात नाही.

धडा तिसरा : भाव पडण्याआधी चांगलं काम करून टाका

आपलं मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. उत्तरेत उठाव पेटलेला असताना इकडे विद्यापीठाचा कायदा होत होता. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास इथेही विद्यापीठं झाली. नमुना घेतला होता लंडन विद्यापीठाचा, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने फक्त परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. विद्यापीठाने स्वतःचे शिकवणारे विभाग काढले ते विसाव्या शतकात. ‘विद्यापीठ म्हणजे परीक्षा’ असं आपण चेष्टेने म्हणतो, पण पहिली काही दशकं ती शब्दशः खरी गोष्ट होती.

फोर्टमधल्या विद्यापीठाच्या सुंदर इमारती, म्हणजे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालय, यांचे आराखडे इंग्लंडमधले नामवंत वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. ते कधीही मुंबईला आले नाहीत! नकाशे बोटीने आले आणि इमारती इथल्या लोकांनी उभ्या केल्या. घरी बसून काम करण्याचा शोध २०२० साली लागला असं समजणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

टॉवरसाठी पैसे दिले कापसाच्या आणि शेअरच्या बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि त्याला आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. हे दान १८६४ मधलं. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळत नव्हता आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या आणि प्रेमचंदही बुडाले. पण ग्रंथालयाला दिलेले पैसे वाचले होते. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या माणसाला तेजी-मंदीचं कौतुक उरत नाही. दोन्ही येतात, दोन्ही जातात. तेजीत दुसऱ्यासाठी जे करून ठेवलं तेवढंच मंदीत बुडत नाही, एवढा हिशोब त्या घड्याळाखालून जाताना कळतो.

धडा चौथा : निबंध परत आला तर फाडू नका

विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले १८६२ मध्ये. संख्या किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. अख्खी बॅच एका रिक्षात मावली असती, कुणाला तरी ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं असतं इतकंच. त्यांतले भांडारकर मालवणात जन्मलेले, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले, म्हणजे आपल्यासारखेच किनाऱ्यावरून मुंबईला आलेले. तेच पुढे या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

रानड्यांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश राज्याशी तुलना केली आणि ती ब्रिटिशांना मानवण्यासारखी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून खडसावलं : जे सरकार तुला शिकवतं आहे त्याच्यावरच टीका? नुसतं बोलून थांबले नाहीत, सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली.

आता गंमत बघा. रानडे ना कॉलेज सोडून गेले, ना ग्रँटसाहेबांचा द्वेष करत बसले; त्या गुरूबद्दल त्यांनी पुढेही आदरच बाळगला. पण मतही सोडलं नाही. १९०० साली त्यांचं ‘मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष’ या विषयावरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. ज्या विषयाने शिष्यवृत्ती घालवली, तोच विषय चाळीस वर्षांनी ग्रंथ होऊन आला. आपला रेवदंड्याचा किल्ला १७४० मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. ती सत्ता कशी उभी राहिली याचा गंभीर विचार पुढे ज्यांनी केला, त्यांत हा शिष्यवृत्ती गमावलेला विद्यार्थी अग्रभागी आहे.

तेव्हा लाल शाईने भरून परत आलेला कागद जपून ठेवावा. शिक्षक चुकलेले असू शकतात, आपण बरोबर असू शकतो, आणि तरीही दोघांनी एकमेकांना नमस्कार करत राहायला काही हरकत नसते. मीटिंगमध्ये माझी सूचना बाजूला पडते तेव्हा हा धडा मी मनातल्या मनात म्हणते. चाळीस वर्षं थांबायची माझी तयारी नसते, हा भाग वेगळा.

धडा पाचवा : फॉर्मवर आपला रकाना नसेल तर तो आखून घ्या

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या १८८३ मध्ये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेत त्या अव्वल आल्या. त्या क्रमांकाला इंग्लंडला जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती मिळायची, पण त्या स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारली गेली. मग इतरांच्या मदतीने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी? ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये! आमचा निकाल पंधरा दिवस लांबला की आम्ही विद्यापीठाच्या नावाने बोटं मोडत असू.

१९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिली आली ती एक मुलगी, हुजूरपागेची रिबेका रूबेन. त्या बेने इस्रायल समाजातल्या. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या या किनाऱ्यावर मराठी बोलत राहिलेल्या, ज्यांचं सिनेगॉग आजही रेवदंड्यात उभं आहे, त्या समाजातल्या. पुढे त्यांनी मुंबईत त्या समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून दीर्घकाळ काम केलं.

आणि माझ्या व्यवसायाच्या थेट पूर्वज म्हणजे ए. ललिता. लहान वयात लग्न, मुलगी काही महिन्यांची असताना वैधव्य, आणि त्यानंतर मद्रासच्या गिंडी इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश. त्यांच्या मागोमाग लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी आल्या. तिघी पदवीधर झाल्या तेव्हा कॉलेजपुढे भलताच पेच उभा राहिला. पदवीच्या छापील कागदावर ‘तो’ असं सर्वनाम होतं. ते खोडून ‘ती’ करावं लागलं.

आमच्या वेळेपर्यंत कागद सुधारला होता, बाकीच्या गोष्टी सावकाश सुधारत होत्या. वर्कशॉपमध्ये कानस हातात दिली की ‘मुलींना जमेल का’ हा प्रश्न हवेत असायचाच. आमच्यापैकी एकीने लोखंडाचा तुकडा असा काटकोनात घासून दिला की सरांनी तो नमुना म्हणून ठेवून घेतला. गावातही ‘एकटी मुलगी मुंबईला?’ असं विचारणारे होते. माझ्या आईने त्यांना उत्तर दिलं नाही. तिने फक्त माझी ट्रंक भरली. छापील सर्वनाम खोडण्याची ही तिची पद्धत होती, हे मला फार उशिरा समजलं.

धडा सहावा : दोघेही बरोबर असू शकतात

शेवटचा धडा खास आपल्या जिल्ह्याचा. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेणजवळच्या गागोद्यात एक मुलगा जन्मला आणि जेमतेम चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावात दुसरा.

दुसऱ्याची गोष्ट आधी. चिंतामणराव देशमुख. आपल्या खाडीला येऊन मिळणाऱ्या कुंडलिकेच्या काठचे रोहेकर त्यांना आपलेच मानतात. १९१२ मध्ये मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, तिथे वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक, आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक. जितक्या परीक्षा समोर आल्या, तितक्या त्यांनी जिंकल्या. पण शिकले काय? वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र. आणि झाले काय? १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. ते मंत्रिपदही त्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर सोडलं. कॉलेजात मी शिकलेली पास्कल आणि फोरट्रान मला नोकरीत एक दिवसही लागली नाही, याचं वाईट वाटलं की मी देशमुखांचं वनस्पतिशास्त्र आठवते. विषय बदलतात, अभ्यास करायची सवय राहते.

पहिला मुलगा विनायक नरहर भावे. मार्च १९१६ मध्ये तो इंटरची परीक्षा द्यायला बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला, सुरतला उतरला आणि सरळ काशीचा रस्ता धरला. त्याआधी आपली प्रमाणपत्रं त्याने आईसमोर चुलीत घातली होती. परीक्षेला कायमचा रामराम. त्यानंतर विनोबांनी किती भाषा शिकल्या, किती ग्रंथ वाचले! ‘गीताई’ घराघरांत गेली आणि भूदानासाठी त्यांनी चालून पार केलेला देश तर सर्वश्रुतच आहे. पदवी न घेतलेला हा माणूस मरेपर्यंत विद्यार्थी राहिला.

एक सगळ्या परीक्षांना पहिला, दुसरा परीक्षेच्या वाटेवरून पळालेला. एकाच जिल्ह्यातले, एकाच वयाचे. यातलं कोण बरोबर, असा प्रश्न ओरलला विचारला तर मी सांगेन : पेपर दोन वेगळे होते, सर. (दहावी-बारावीच्या मुलांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. सुरतला उतरणाऱ्याला पुढे काय करायचं हे पक्कं माहीत होतं.)

आता आपल्याबद्दल

हे सगळं लिहिण्यामागे एक कारण आहे. आपल्या मेळाव्याचे फोन सुरू झाले तेव्हा दोघा-तिघांनी येण्याचं टाळलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘तुम्ही सगळे शिकलेले, आम्ही काय सांगणार?’ कुणी बारावीनंतर वाडी सांभाळायला थांबलं, कुणी बोटीवर गेलं, कुणाचं लग्न लवकर झालं. शाळेत एकाच बाकावर बसलेल्या माणसांमध्ये पुढच्या चार वर्षांचा एक कागद असा भिंत होऊन उभा राहावा, हे मला सहन झालं नाही.

म्हणून हा इतिहास. ज्याचं स्मारक आपल्या गावात आहे त्या निकितिनकडे पदवी नव्हती, विनोबांनी ती घेतली नाही, सोराबजींना ती मिळायला तीस वर्षं लागली. आणि मला विद्यापीठाने जे शिकवलं, म्हणजे वही ठेवणं, तीस रुपयांत आठवडा काढणं, खडसावणाऱ्याचाही मान राखणं, जागा नसेल तिथे ती करून घेणं, ते शिकायला विद्यापीठातच जावं लागतं असं नाही. वादळात वाडीतली अर्धी झाडं पडल्यावर दुसऱ्या दिवशी नवी रोपं लावणाऱ्याला यातले निम्मे धडे मी द्यावेत, हे हास्यास्पदच ठरेल.

तेव्हा ज्यांनी नाही म्हटलं आहे त्यांनी यावं. आणि ज्यांची मुलं यंदा दहावी-बारावीला आहेत, त्यांना एवढंच सांगणं : निकाल घेऊन मूल घरी आलं की आधी पान वाढा. बिरडं गरम असतानाच खाऊ द्या. टक्के नंतर विचारले तरी तेवढेच राहतात.